लाल खांब उभा आहे, पण पाणी येईल का? पुष्करांच्या तोंडावर बासर आणि सीमाभागातल्या फायर हायड्रंटचा हिशेब

बासर : २०२७ मध्ये गुरू सिंह राशीत जाईल. नाशिक-त्र्यंबकेश्वरला सिंहस्थ भरेल आणि त्याच योगावर तेलंगणा-आंध्रात गोदावरीचे पुष्कर येतील. नदी एक, पर्वणी एक, नावं दोन. याआधीचे पुष्कर जुलै २०१५ मध्ये झाले. तेव्हा बासर आदिलाबाद जिल्ह्यात होतं. ११ ऑक्टोबर २०१६ ला नवे जिल्हे झाले आणि ते निर्मल जिल्ह्यात गेलं. नांदेड, परभणी, लातूर, यवतमाळकडच्या माणसाला त्याने काही फरक पडला नाही. लेकराच्या हातात पहिली पाटी द्यायची तर बासरच्या ज्ञानसरस्वतीपुढे, ही रीत तशीच चालू आहे.

पुष्करांची तयारी म्हटली की घाट, रस्ते, पार्किंग, शौचालयं आणि दिवाबत्ती यांची चर्चा होते. आगीची चर्चा शेवटी होते. झालीच तर "बंब उभा ठेवू" इथे येऊन थांबते. बंब लागतोच. पण बंबातलं पाणी संपल्यावर पुढचं पाणी कुठून येणार, हा प्रश्न कुणी विचारत नाही. या प्रश्नाचं उत्तर म्हणजे फायर हायड्रंट, म्हणजे मंदिरात, हॉस्टेलात, दवाखान्यात, जिनिंग मिलमध्ये भिंतीशी उभा असलेला लाल रंगाचा नळ. तो बसवायला पैसा लागतो आणि तो कसाबसा मिळतो. बसवल्यावर तो चालतो का, हे बघायला पैसा फारसा लागत नाही. शिस्त लागते, आणि घोडं तिथेच अडतं.

एका रविवारी दोन राज्यं

सीमाभागातल्या वाचकाने १८ मे २०२५ ही तारीख लक्षात ठेवावी. त्या रविवारी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याला आग लागली आणि ८ जणांचा जीव गेला. काही तासांतच हैदराबादेत चारमिनारजवळच्या गुलजार हौज भागात एका जुन्या इमारतीला आग लागली. तिथे १७ जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. एक महाराष्ट्रात, एक तेलंगणात. दोन्हीकडे शोक झाला, मदत जाहीर झाली आणि "सर्व इमारतींचं फायर ऑडिट करा" असे आदेशाचे सूर निघाले.

हा सूर नवा नाही. ९ जानेवारी २०२१ ला भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षात आग लागून १० बाळं गेली, तेव्हाही राज्यभर ऑडिटचे आदेश सुटले. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयातल्या अतिदक्षता विभागात आग लागून ११ रुग्ण गेले. दहा महिन्यांत दुसरं सरकारी रुग्णालय. तेलंगणात सप्टेंबर २०२२ मध्ये सिकंदराबादच्या हॉटेलात ८, मार्च २०२३ मध्ये स्वप्नलोक संकुलात ६, नोव्हेंबर २०२३ मध्ये नामपल्लीच्या बाजारघाटात ९ जणांचा बळी गेला.

या सगळ्या आगींचं कारण हायड्रंट नव्हता. बहुतेक ठिकाणी माणसं धुरानं गुदमरली, अरुंद वाटेत अडकली. हायड्रंट चालू असता तर सगळे वाचले असते, असं म्हणणं खोटं ठरेल. पण प्रत्येक वेळी ऑडिट नावाचा कागद पुढे येतो. त्या कागदावर "हायड्रंट आहे" असं लिहिलेलं असतं. "हायड्रंट उघडला, पाणी आलं, इतक्या दाबानं आलं" असं लिहिलेलं क्वचितच सापडतं. आहे आणि चालतो या दोन शब्दांतलं अंतरच मोठं आहे.

मुंबईत २२ ऑक्टोबर २०२१ ला करी रोडजवळच्या एका साठ मजली निवासी इमारतीत एकोणिसाव्या मजल्यावर आग लागली. इमारत नवी, पैसेवाल्यांची, यंत्रणा बसवलेली. पण इमारतीची स्वतःची अग्निशमन यंत्रणा चालू स्थितीत नसल्याचं अग्निशमन दलाला आढळलं. पैसा होता, पाइप होते, पंपही होते, फक्त देखभाल नव्हती. मुंबईच्या रस्त्यांवर इंग्रजांच्या काळापासून बसवलेले हायड्रंट हजारोंनी होते. त्यातले बहुतेक डांबराखाली, फुटपाथखाली गेले किंवा कोरडे पडले. जे मुंबईत झालं ते बासर, भैंसा, धर्माबाद, भोकर इथे होणार नाही असं कोण म्हणेल?

बासरचं गणित वेगळं आहे

शहराला आग विझवायला किती पाणी राखून ठेवावं, याचं एक सूत्र केंद्र सरकारच्या पाणीपुरवठा नियमावलीत आहे. लोकसंख्या हजारांत घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं आणि शंभरनं गुणायचं. उत्तर किलोलिटरमध्ये येतं, म्हणजे दर दिवसाला इतके हजार लिटर. एक लाख वस्तीच्या गावाला १,००० किलोलिटर, म्हणजे १० लाख लिटर. २०११ च्या जनगणनेत साडेपाच लाखांच्या नांदेड शहराला हेच सूत्र सुमारे २,३०० किलोलिटर सांगतं. यातला एक तृतीयांश साठा पाण्याच्या टाक्यांत राखावा आणि बाकीचा गावात मोक्याच्या जागी हौद बांधून ठेवावा, असंही नियमावली सुचवते.

पण हे सूत्र पन्नास हजारांच्या वरच्या गावांसाठी आहे. बासर त्यात बसत नाही, त्याची कायमची वस्ती लहान आहे. मग वसंत पंचमीला, नवरात्रात मूळ नक्षत्राच्या दिवशी, व्यासपौर्णिमेला जी गर्दी लोटते तिचं काय? कागदावर बासर खेडं आहे आणि पंचमीच्या पहाटे ते शहर असतं. पुष्करांच्या बारा दिवसांत ते त्याहून मोठं शहर असेल. पाण्याचं नियोजन कायमच्या वस्तीवर होतं आणि आगीचा धोका मात्र येणाऱ्या गर्दीवर ठरतो. यात्रेच्या प्रत्येक गावाची हीच अडचण आहे, मग ते बासर असो, माहूर असो की तुळजापूर.

त्यात बासरला आणखी एक मोठी वस्ती आहे. २००८ मध्ये सुरू झालेलं राजीव गांधी विज्ञान तंत्रज्ञान विद्यापीठ, ज्याला सगळे ट्रिपल आयटी म्हणतात. दहावी झालेली ग्रामीण मुलं-मुली इथे सहा वर्षांच्या अभ्यासक्रमाला येतात आणि हजारोंच्या संख्येनं हॉस्टेलात राहतात. मेसचं स्वयंपाकघर, हॉस्टेलचे मजले, प्रयोगशाळा, एकाच वेळी झोपलेली हजारो लेकरं. मंदिराला सणाच्या दिवशी धोका असतो, हॉस्टेलला रोज रात्री असतो.

मंदिरात धोका कशाचा, हे वेगळं सांगायला नको. नंदादीप, कापूर, तेल, नारळाच्या शेंड्या, कापडी आणि प्लास्टिकचे मंडप, जत्रेसाठी ओढलेल्या तात्पुरत्या वायरी, हॉटेलांतले सिलिंडर आणि दर्शनाच्या रांगेत दाटीनं उभी माणसं. सातारा जिल्ह्यातल्या मांढरदेवीला २५ जानेवारी २००५ ला चेंगराचेंगरी झाली. अडीचशेहून जास्त भाविक गेले आणि चढावरची दुकानंही पेटली. अरुंद वाट, दोन्ही बाजूंना दुकानं, मध्ये गर्दी. अशा जागी बंब आत येतच नाही. पाणी आधीच आत असावं लागतं, म्हणजेच हायड्रंटच्या पाइपात.

दाब दिसतो, पाणी येत नाही

हायड्रंट तपासणं म्हणजे काय, याबद्दल मोठा गैरसमज आहे. बहुतेक ठिकाणी तपासणी म्हणजे रंग लावणं. जानेवारी आला की लाल रंगाचा डबा येतो, खांब चकाचक होतो, कधीकधी व्हॉल्व्हच्या आट्यांवरही रंग बसतो आणि पुढे तो फिरत नाही. दुसरी पद्धत म्हणजे गेज बघणं. पंपघरातल्या घड्याळात काटा साडेतीनच्या वर आहे ना, मग सगळं ठीक.

इथेच फसगत होते. बंद नळातला दाब आणि वाहत्या नळातला दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. घरातलंच उदाहरण घ्या. वरच्या टाकीचा कॉक जवळजवळ बंद आहे, थोडासाच उघडा आहे. खालचा नळ बंद असताना पाइपात पूर्ण दाब दिसेल. नळ उघडला की दोन सेकंद जोरात धार येईल आणि मग बारीक होईल. हायड्रंटच्या लाइनवर मधला स्लुइस व्हॉल्व्ह कुणी दुरुस्तीसाठी बंद केला आणि पुरता उघडायला विसरला, पाइपात गंज साचला, रस्ता खोदताना लाइन दबली, तर गेजवर काहीच दिसत नाही. आग लागल्यावरच कळतं.

म्हणून खरी परीक्षा एकच : पाणी सोडून बघायचं. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार सगळ्यात वरच्या किंवा सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर पाणी वाहत असताना साधारण साडेतीन किलो दाब मिळायला हवा. पंपाजवळचा हायड्रंट उघडून फोटो काढला की परीक्षा झाली, असं नाही. परीक्षा सगळ्यात लांबच्या टोकाची घ्यायची. मंदिरात असेल तर रांगेच्या संकुलाच्या शेवटच्या कोपऱ्याची, हॉस्टेलात असेल तर सगळ्यात वरच्या मजल्याच्या टोकाची.

परीक्षेचा क्रम साधा आहे. आधी डोळ्यांनी बघायचं : समोर दुकान, मोटारसायकल, चपलांचा ढीग नाही ना. मग टोपण उघडून आतला रबरी वॉशर बघायचा. तो कडक होऊन तडकलेला असतो आणि नेमका तोच कुणी बदलत नाही. होज जोडायची, ६३ मिलिमीटरची कपलिंग खटकन बसते का बघायचं. दोन माणसांनी नोझल घट्ट धरायचं, कारण दाबाचं पाणी माणसाला मागे ढकलतं. व्हॉल्व्ह हळू उघडायचा. पहिलं पाणी तांबडं येतं. ते स्वच्छ होईपर्यंत वाहू द्यायचं. वाहत असतानाचा दाब लिहून घ्यायचा. बंद करतानाही हळूच, कारण झटक्यात बंद केला तर पाण्याचा हिसका पाइपाला बसतो आणि जुना जोड फुटतो. शेवटी होज उन्हात नव्हे, सावलीत वाळवून गुंडाळायची. ओली गुंडाळली तर कुजते, एकाच घडीवर वर्षानुवर्षं ठेवली तर त्याच घडीवर चिरते, आणि उंदीर तर आहेतच.

अमेरिकेतली गावं आणखी एक गोष्ट करतात. हायड्रंट किती पाणी देतो हे मोजून त्याच्या डोक्यावर रंग देतात. मिनिटाला सुमारे ५,७०० लिटरच्या वर दिलं तर निळा, ३,८०० च्या वर हिरवा, १,९०० च्या वर केशरी, त्याखाली लाल. बंबावरच्या जवानाला लांबूनच कळतं की कुठला नळ कामाचा. आपल्याकडे सगळेच लाल. चालणाराही लाल, मेलेलाही लाल.

पंपघरात काय बिघडतं

हायड्रंट हा शेवटचा नळ, त्याचा जीव पंपघरात असतो. तिथे सहसा तीन पंप असतात. लहान जॉकी पंप लाइनमधला दाब कायम राखतो. कुणी हायड्रंट उघडला आणि दाब घसरला की मोठा विजेचा पंप आपोआप सुरू होतो. वीज गेली तर डिझेलचा पंप. आग लागली की वीज बहुतेक वेळा जाते किंवा तोडावी लागते, म्हणून डिझेल पंप हा शोभेचा नाही.

बिघाड बहुतेक चार जागी असतो. एक, लाइनमध्ये कुठेतरी गळती असते, त्यामुळे जॉकी पंप सारखा चालू-बंद होतो. रात्री आवाजाचा त्रास होतो, वीजबिल वाढतं, म्हणून कुणीतरी पॅनेलचा खटका ऑटोवरून बंदवर करतं. गळती काढायचं काम राहून जातं आणि अख्खी यंत्रणा झोपते. दोन, डिझेल इंजिनाची बॅटरी उतरलेली असते किंवा टाकीतलं डिझेल जनरेटरला वापरलेलं असतं. तीन, आगीच्या टाकीतलं पाणी उन्हाळ्यात बागेला, टँकरला, स्वयंपाकाला जातं. यावर उपाय बांधकामातच असतो : पाणी आधी आगीच्या टाकीत यावं आणि ती भरून वाहिली की पुढे वापराच्या टाकीत जावं. म्हणजे पाणी ताजंही राहतं आणि राखीव साठ्याला हात लागत नाही. चार, पितळेचं आणि गनमेटलचं सामान. नोझल, कपलिंग, व्हॉल्व्हचं चाक भंगारात विकलं जातं. पेटी बंद दिसते, आत काही नसतं. काच लावलेली पेटी आणि आठवड्याला एक नजर, एवढ्यानं हे थांबतं.

यातल्या एकाही गोष्टीला इंजिनिअर लागत नाही. आठवड्यातून एकदा पंप चालवून बघणं, महिन्यातून एकदा मेन स्विच बंद करून डिझेल पंप स्वतःहून सुरू होतो का बघणं, सहा महिन्यांतून एकदा सगळे हायड्रंट उघडणं. वॉचमन, इलेक्ट्रिशियन, प्लंबर हे करू शकतात. पण तारीख आणि सही असलेली वही हवी. वही नसेल तर "करतो की साहेब" एवढंच उरतं.

दोन राज्यं, दोन कायदे, एक त्रुटी

तेलंगणात अग्निशमन सेवा राज्य सरकारच्या खात्याकडे आहे. १९९९ च्या अग्निशमन सेवा कायद्यात उंच इमारतींबरोबर शाळा, सिनेमागृहं, फंक्शन हॉल आणि धार्मिक स्थळं यांचाही विचार आहे. ठरावीक क्षेत्रफळ किंवा उंचीच्या वर गेलं की ना-हरकत घ्यावी लागते. म्हणजे मंदिर आहे म्हणून सूट, असं कायदा म्हणत नाही.

महाराष्ट्रात चित्र वेगळं. अग्निशमन दल नगरपालिका, महापालिका आणि एमआयडीसीकडे. धर्माबादला नगरपरिषद बघणार, नांदेडला महापालिका. पण देखभालीच्या बाबतीत महाराष्ट्राचा २००६ चा आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना कायदा स्पष्ट आहे. इमारतीच्या मालकाने किंवा भोगवटादाराने वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, परवानाधारक संस्थेकडून यंत्रणा सुस्थितीत असल्याचं प्रमाणपत्र द्यायचं. यालाच फॉर्म बी म्हणतात. कल्पना उत्तम आहे, पण अडचणही त्यातच आहे. मालक पैसे देऊन संस्था नेमतो, संस्था मालकालाच पास करते. त्या फॉर्मला शेवटच्या हायड्रंटवरचा वाहता दाब किती होता, कधी मोजला आणि कुणासमोर मोजला हे जोडलेलं नसेल, तर तो फक्त शिक्का आहे.

सीमेवरच्या माणसासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. बासरला मोठी आग लागली तर निझामाबाद तीस-पस्तीस किलोमीटर आणि निर्मल त्याहून लांब आहे. धर्माबाद मात्र त्याच रेल्वेमार्गावर अगदी शेजारी, पण दुसऱ्या राज्यात. आग सीमा बघून लागत नाही, बंबाला मात्र हद्द असते. हद्द ओलांडायला फोन कुणी कुणाला करायचा, डिझेल कुणाच्या खात्यावर टाकायचं, हे आधी ठरलेलं असेल तर वीस मिनिटं वाचतात. निर्मल आणि नांदेड या दोन जिल्ह्यांच्या आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणांनी एका कागदावर सही केली तरी हे होऊ शकतं. भाषेची अडचणही नाही. मुधोळ, भैंसा, बासर पट्ट्यातली अर्धी बोलणी मराठीतच चालतात.

गोदावरी शेजारी आहे, हाताशी नाही

"बासरला पाण्याची काय कमी? पायाशी गोदावरी वाहते," असं सहज म्हटलं जातं. नदीचं पाणी बंबात येण्यासाठी बंबाला नदीजवळ जावं लागतं. पंप पाणी खालून ओढतो, पण त्याला मर्यादा आहे. पुस्तकात दहा मीटर, प्रत्यक्षात सातच्या आसपास. पाण्याची पातळी त्याहून खाली गेली तर कितीही मोठा पंप हवा ओढत बसेल.

बासरची पातळी वर्षभर सारखी नसते. वरच्या बाजूला धर्माबाद तालुक्यात बाभळी बंधारा आहे आणि खालच्या बाजूला श्रीरामसागर. सर्वोच्च न्यायालयाच्या २८ फेब्रुवारी २०१३ च्या निकालानुसार बाभळीचे दरवाजे १ जुलै ते २८ ऑक्टोबर उघडे राहतात आणि २९ ऑक्टोबरला बंद होतात. मार्चच्या सुरुवातीला ठरलेलं ०.६ टीएमसी पाणी खाली सोडलं जातं. श्रीरामसागर भरलेलं असेल तर त्याचं पाणी बासरपर्यंत मागे येतं, उपसा झाला की ओसरतं. याचा अर्थ, वसंत पंचमीनंतर उन्हाळा चढत जातो तसं पाणी घाटापासून लांब जातं. आगीचा हंगामही तोच.

मग मिशन भगीरथाच्या टाक्या? त्या योजनेत ग्रामीण भागात माणशी रोज १०० लिटर पाण्याचा हिशेब धरलेला आहे. तो पिण्याचा आणि वापराचा हिशेब, आगीचा नव्हे. शिवाय उंचीचंही गणित आहे. पाण्याचा साधारण दहा मीटर उंचीचा स्तंभ म्हणजे एक किलो दाब. पंधरा मीटर उंच टाकी दीड किलोच्या वर देऊच शकत नाही, आणि लाइनमध्ये आणखी कमी होतो. हायड्रंटला साडेतीन हवेत. म्हणून गावच्या टाकीवर लावलेला हायड्रंट थेट धार मारायच्या कामाचा नाही. तो बंब भरायच्या कामाचा आहे. हा फरक समजून घेतला तर खर्च वाचतो.

बंबाचं गणितही बघावं. साधा बंब ४,५०० लिटरचा. एक चांगली धार मिनिटाला साडेचारशे लिटर ओढते. म्हणजे एका धारेला दहा मिनिटं, दोन धारांना पाच. मग भरायला जायचं. भरण्याची जागा दोन किलोमीटरवर असेल आणि नळ बारीक असेल तर पाऊण तास गेला. तेवढ्यात मंडप राखेत जातो. भरण्याची जागा दोनशे मीटरवर असेल आणि मिनिटाला नऊशे लिटर मिळत असतील तर बंब पाच मिनिटांत तयार होतो. कापसाच्या हंगामात भैंसा-आदिलाबाद पट्ट्यातल्या जिनिंगवाल्यांना हे चांगलं ठाऊक आहे. कापसाची गंजी वरून विझली तरी आतून धुमसत राहते आणि तासन्‌तास पाणी मागते.

लॉस एंजेलिसचा धडा

फक्त नळ चांगला असून भागत नाही, याचा धडा जानेवारी २०२५ मध्ये जगातल्या श्रीमंत शहरांपैकी एकाला मिळाला. लॉस एंजेलिसच्या पॅलिसेड्स भागात वणवा पसरला. त्या डोंगराळ भागाला दाब देणाऱ्या तीन टाक्या होत्या, प्रत्येकी सुमारे ३८ लाख लिटरच्या. रात्रभर नेहमीच्या चौपट पाणी ओढलं गेलं आणि ८ जानेवारीच्या पहाटेपर्यंत तिन्ही टाक्या रिकाम्या झाल्या. वरच्या भागातले हायड्रंट कोरडे पडले. जवळच ४४ कोटी लिटरचा सांता यनेझ जलाशय होता, पण झाकण दुरुस्तीसाठी तो रिकामा होता. तो भरलेला असता तरी एवढ्या वणव्यापुढे दाब टिकला नसता, असंही तज्ज्ञांचं म्हणणं आहे. बासरसाठी धडा एवढाच : दुरुस्तीचा महिना आणि धोक्याचा महिना एक असता कामा नये. टाकी साफ करायची तर पंचमी झाल्यावर नव्हे आणि ऐन उन्हाळ्यातही नव्हे. पावसाळ्यात करावी.

आता काय शक्य आहे

पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार केंद्राने २०२३ मध्ये राज्यांच्या अग्निशमन सेवेच्या विस्तारासाठी ५,००० कोटींची योजना सुरू केली. पुष्करांसाठीही निधी येईल. त्यातून नवे बंब येतील, फीत कापली जाईल. पण फीत कापायला न लागणारी कामं आधी व्हायला हवीत.

एक, मंदिर परिसर आणि दर्शनरांगेसाठी स्वतःच्या पंपावर चालणारी गोलाकार लाइन. गोल लाइन असली की एका जागी फुटली तरी दुसऱ्या बाजूनं पाणी येतं. दोन, घाट, बसस्थानक, रेल्वे स्टेशन आणि ट्रिपल आयटीच्या वाटेवर आगीसाठीच राखलेले हौद आणि बंब भरायचे नळ. तीन, उन्हाळ्यातल्या सगळ्यात खालच्या पातळीलाही बंब पाण्यापर्यंत पोचेल असा नदीकाठी एक पक्का उतार, ज्यावर पुष्करांत दुकानं लागणार नाहीत. चार, मंदिर, हॉस्टेल, मोठी लॉज आणि फंक्शन हॉल यांनी शेवटच्या हायड्रंटची परीक्षा दर सहा महिन्यांनी जाहीरपणे करावी आणि तारीख-दाबाची पाटी तिथेच लावावी. पाच, दोन्ही राज्यांचे जवान वर्षातून एकदा एकत्र सराव करतील आणि एकमेकांच्या होज आणि कपलिंग जोडून बघतील.

सरावासाठी मुहूर्तही तयार आहे. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला आणि आग विझवायला गेलेले ६६ जवान गेले. त्यांच्या आठवणीत देशभर १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह पाळला जातो. शाळेत भाषणं होतात, फलक लागतात. त्याच आठवड्यात प्रत्येक हायड्रंट एकदा उघडला तर ती खरी श्रद्धांजली ठरेल. एप्रिल म्हणजे उन्हाळा, पाणी कमी. त्या महिन्यात जो नळ चालला तो बारा महिने चालेल.

लोकांच्या हातातही काही आहे. माहिती अधिकारात तीन प्रश्न विचारता येतात : शेवटची वाहत्या पाण्याची चाचणी कधी झाली, सगळ्यात लांबच्या हायड्रंटवर दाब किती आला, आणि डिझेल पंप शेवटचा कधी चालवला. उत्तरात तारीख आणि आकडा आला तर समाधान मानावं. "यंत्रणा कार्यरत आहे" एवढंच आलं तर पुन्हा विचारावं. दर्शनाला आलेल्या भाविकानेही रांगेत उभं असताना लाल पेटीकडे एक नजर टाकावी. काच आहे का, आत होज आहे का, समोर सामान रचलेलं आहे का. लेकराला घेऊन आलेल्या आईबापाला हे विचारायचा हक्क आहे.

पंचमीला बासरला येणारं लेकरू तांदळावर पहिलं अक्षर गिरवतं. आईबाप भिवंडीहून येतात, हैदराबादहून येतात, पुसदहून येतात. कुणाच्या मनात आगीचा विचार नसतो आणि तो नसावाच. तो विचार पंपघराची किल्ली ज्याच्या कमरेला आहे त्यानं करायचा. त्याच्या वहीत गेल्या आठवड्याची तारीख आहे की नाही, पुष्करांची तयारी तिथून मोजायला हवी.